गोल गट, मालक स्वतः

जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर उभं राहिलं की चारी दिशांना पाण्याच्या टाक्या दिसतात. काळ्या, पांढऱ्या, एखादी उन्हानं रंग उडालेली पिवळी. टाक्या संपल्या की आभाळ. डोंगर म्हणावा असा उंचवटा नजरेच्या टप्प्यात नाही. होटगी रस्त्याच्या अंगाला तेवढी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उभी होती, नव्वद मीटरच्या आसपास उंच. पाहुण्यांना पत्ता सांगायचा तो तिच्या हिशेबानं, वारा कुठला ते पाहायचं तिच्या धुरावरून. विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला ती पाडली. त्या दिवशी आमची सगळी गल्ली गच्चीवर होती. चिमणी कलली, बसली, धुळीचा लोट उठला आणि धूळ खाली आल्यावर क्षितिज कोऱ्या पाटीसारखं झालं. शेजारचे काका म्हणाले, "आता दिशा कशी ओळखायची ओ?"

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. ३३ वर्षं मोजणी केली. अक्कलकोट, मंद्रूप, मोहोळ, बार्शी, सगळीकडे साखळी ओढली, नंतर यंत्रं आली ती खांद्यावर वाहिली. सपाट मुलखातली जमीन मोजायला सोपी, असं लोकांना वाटतं. जमीन सोपीच असते. अवघड असतात तिच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले भाऊ. वीतभर बांधासाठी तीन पिढ्या बोलत नाहीत अशी घरं मी पाहिली आहेत. चौकोनी, त्रिकोणी, शेपटासारखे लांबडे, मधेच विहिरीसाठी कोपरा तुटलेले, असे नाना आकाराचे गट पाहिले. गोल गट मात्र पाहिला नव्हता.

तो नकाशात दिसला. मुलीला न्यूझीलंडात नोकरी लागली, गाव न्यू प्लिमथ. फोनवर उपग्रहाचं छायाचित्र काढून गाव शोधायला लागलो. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला एक नाक बाहेर आलेलं आहे आणि नाकाच्या मधोमध गडद हिरवं वर्तुळ. बाहेर फिकट हिरवी शेतं, आत काळपट रान आणि दोहोंच्या मधली रेघ कंपास फिरवल्यासारखी. मला ती छपाईतली चूक वाटली. निसर्ग असली रेघ ओढत नाही. अशी रेघ ओढतो तो आमच्या खात्यातला माणूस.

झालंही तसंच होतं. १८८१ साली तिथल्या सरकारनं एका डोंगराच्या शिखरावर कंपासचं टोक ठेवलं, सहा मैलांची त्रिज्या धरली आणि आतलं रान तोडायचं नाही असं ठरवलं. बाहेरचं रान गोऱ्या वसाहतवाल्यांनी तोडून गाईंची कुरणं केली. आतलं राहिलं. १९०० साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्या डोंगराचं नाव तारानाकी, उंची २,५१८ मीटर. आसपास त्याच्या बरोबरीचं कोणी नाही.

तर दिवाळी उरकून आम्ही दोघं निघालो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून सिंगापूर, ऑकलंड आणि शेवटी एक छोटं विमान. पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. जीवशास्त्रीय धोका म्हणून विमानतळावर कुत्र्यानं पिशवी हुंगली, अधिकाऱ्यानं चटणीचा डबा उघडून नाकाशी नेला, शिंकला आणि परत दिला. प्रवासवर्णनात सीमाशुल्काची गोष्ट यायलाच हवी असा दंडक आहे म्हणून सांगितली.

न्यू प्लिमथला उतरलो तेव्हा डोंगर नव्हता.

म्हणजे होता, पण ढगात. जावई गाडी चालवता चालवता उजवीकडे हात करून म्हणाले, "बाबा, तिथे आहे." तिथे राखाडी रंगाची भिंत होती. दुसऱ्या दिवशीही भिंत. तिसऱ्या दिवशी पाऊस. चौथ्या दिवशी भिंत आणि पाऊस. शेजारच्या एका आजोबांनी कुंपणावरून सांगितलं की इथे अंदाज सोपा आहे: डोंगर दिसला तर पाऊस येणार, आणि दिसत नसला तर आलेला आहे. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर शेतकरी पेढे वाटतो. त्या डोंगराच्या उत्तर उतारावर, साधारण ९५० मीटर उंचीवर, वर्षाला सहा-सात मीटर पाऊस पडतो. मीटर. मी मुलीला दोनदा विचारलं, चुकून शून्य जास्त पडलं नाही ना.

या दडून बसण्याचा इतिहासही जुना आहे. १६४२ च्या डिसेंबरात आबेल तास्मान हा डच खलाशी याच किनाऱ्यावरून गेला. जवळच्या भूशिराला त्यानं नाव दिलं, पण त्याच्या नोंदीत डोंगर नाही. एवढा थोरला डोंगर ढगांनी त्याच्यापासून लपवला असणार असं मानतात. १७७० च्या जानेवारीत कॅप्टन कुक आला, त्याला दिसला. त्यानं लगोलग इंग्लंडमधल्या एका बड्या सरदाराचं, अर्ल ऑफ एग्मॉन्टचं नाव त्याला चिकटवलं. हे अर्लसाहेब त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारले, कुक मायदेशी पोचला १७७१ मध्ये. आपल्या नावावर पृथ्वीच्या पाठीवर एक डोंगर चढला आहे हे त्यांना बहुधा कळलंच नाही. असे खातेदारही मी पाहिले आहेत.

पाचव्या दिवशी पहाटे हिनं पडदा सरकवला आणि हाक मारली, "अहो, लवकर या. बघा काय आलंय."

आलंय. हाच शब्द बरोबर होता. काल रात्रीपर्यंत घराच्या मागे काही नव्हतं. आज समोरच्या घराच्या कौलांवरून, विजेच्या तारांच्या वरून, आभाळाच्या अर्ध्यापर्यंत काहीतरी येऊन उभं होतं. खाली निळं, वर पांढरं. आम्ही डोंगर पाहिलेच नाहीत असं नाही. तुळजापूरचा घाट किती वेळा चढलो. सह्याद्री पाहिला, एकदा केदारनाथलाही गेलो. पण हे डोंगर घोळक्यानं राहतात. एकाच्या खांद्याला दुसरा, त्याच्या आडून तिसरा डोकावतोय. लग्नातल्या फोटोसारखं, कोणाकडे बघायचं ठरत नाही. इथे सगळी जमीन सपाट, समुद्रापर्यंत उतरत गेलेली, आणि तिच्यातून एकच बाण सुटावा तसा हा. दोन्ही बाजूंच्या उतारांच्या रेघा सावकाश वर जातात, मग जरा घाई करतात, मग एकमेकींना भेटतात. मी अंगणात उभा राहून डोळ्यांनीच कोन मोजत राहिलो. चहा गार झाला.

नातू नऊ वर्षांचा. तो शाळेची पिशवी पाठीला लावून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तो त्या दिवसांत टोल्किनची 'हॉबिट' वाचत होता. १९३७ सालचं पुस्तक, त्यात एक कल्पित दुनिया आहे आणि तिच्या टोकाला असाच एकटा डोंगर. पुस्तकात नकाशाही आहे. नकाशा म्हटल्यावर मी चष्मा लावला. त्या डोंगराच्या पोटात बुटक्यांचं राज्य होतं, सोन्याचा साठा होता. एक ड्रॅगन आला, बुटक्यांना हाकलून सोन्यावर झोपला. पुढे ड्रॅगन मेला आणि मग खरी गंमत. जुन्या राजाचा नातू म्हणतो डोंगर माझा. तळ्याकाठची माणसं म्हणतात, ड्रॅगन आमच्यातल्यानं मारला, आमची गावं जळली, भरपाई द्या. वनातला राजा फौज घेऊन आला. शेवटी पाच फौजा डोंगराच्या पायथ्याशी भिडल्या.

"आजोबा, तुम्ही असता तर काय केलं असतं?" नातवानं विचारलं.

"वारस नोंद वेळेवर घातली असती," मी म्हणालो. "हरकती मागवल्या असत्या. पंधरा दिवसांची नोटीस. इतकं रक्त सांडलं नसतं."

त्याला ते पटलं नाही. त्याचा प्रश्न वेगळाच होता. "पण डोंगराला कोणी विचारलं का?"

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "इथे विचारतात. इथला डोंगर माणूस आहे. आमच्या शाळेत सांगितलं."

मुलाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण ढगांच्या चार दिवसांत मी गावातल्या पुके आरिकी नावाच्या संग्रहालयात जाऊन बसत होतो, आणि तिथे जे वाचलं त्यानं माझी ३३ वर्षांची नोकरी हलली होती.

३० जानेवारी २०२५ ला न्यूझीलंडच्या संसदेनं कायदा केला. १२३ सदस्य, विरोधात एकही नाही. त्या कायद्यानं तारानाकी आणि त्याच्या सोबतची शिखरं मिळून एक कायदेशीर व्यक्ती झाली. तिचं नाव ते काहुई तुपुआ. व्यक्तीला असतात तसे हक्क, अधिकार, कर्तव्यं, जबाबदाऱ्या. आणि उद्यानाची जमीन, साधारण ३३,५०० हेक्टर, त्या व्यक्तीच्याच नावावर. सरकारच्या नाही, माओरी टोळ्यांच्याही नाही. डोंगराच्या मालकीचा डोंगर. त्याच्या वतीनं बोलायला आठ जणांचं मंडळ, चार तिथल्या माओरी टोळ्यांनी नेमलेले, चार मंत्र्यांनी. एग्मॉन्ट हे नावही गेलं.

आता परदेशी वर्तमानपत्रांना याचं फार नवल वाटलं होतं. मला वाटलं नाही, आणि यात फुशारकी नाही. देवस्थान इनामाचा सातबारा काढून पाहा. मालक म्हणून देवाचं नाव असतं. पुजारी खाली, वहिवाटदार म्हणून. ३३ वर्षं मी मारुतीच्या, खंडोबाच्या, पिराच्या जमिनी मोजल्या आणि नोटीस देताना देवाच्या वतीनं सही कोण करणार हा प्रश्न दर वेळी आला. १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं कोलकात्याच्या एका घराण्यातल्या देवमूर्तीच्या भांडणात सांगितलं की मूर्ती ही कायद्यानं व्यक्ती आहे, तिला कुठे ठेवायचं याबाबत तिचीही इच्छा असते, आणि ती मांडायला तटस्थ माणूस नेमा. आमच्या सोलापुरात तर दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं. हजारो माणसं अक्षता टाकतात. काठीला हळद लावणाऱ्या गावच्या माणसानं डोंगर व्यक्ती झाला म्हणून डोळे विस्फारायचे?

माझे डोळे विस्फारले ते दुसऱ्या गोष्टीनं.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. जावई म्हणाले, डोंगराला वळसा घालून येऊ, रस्ता गोल आहे, साधारण १८० किलोमीटर. हिनं लगेच विचारलं, "डोंगर उजव्या हाताला राहील ना?" समुद्राच्या बाजूनं आधी गेलं तर तो डाव्या हाताला येत होता. मग बेत उलटा केला. आधी आतला रस्ता, इंगलवूड, स्ट्रॅटफर्ड, हावेरा, आणि येताना किनाऱ्यानं. सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली आणि यात्रेत नंदीध्वज त्यांना फेरी घालतात. तेव्हा प्रदक्षिणा कशी घालायची हे जावयानं आम्हाला शिकवायचं कारण नव्हतं.

हा डोंगर फिरतो. आपण फिरतो हे खरं, पण गाडीत बसलं की खिडकीतली शेतं मागे जातात आणि तो तिथेच राहून सावकाश मान वळवतो. उत्तरेकडून पाहिला तर रेखीव. दक्षिणेकडे गेलं की त्याच्या खांद्यावर एक फोड दिसते, ते १,९६६ मीटरचं दुसरं तोंड. हावेराकडून पाहिलं की तो थोडा कुबडा वाटतो आणि मला तो तिथे जास्त आवडला. २००३ च्या 'द लास्ट सामुराई' चित्रपटात त्यानं जपानच्या फुजीची भूमिका केली, अर्थात रेखीव बाजूनं.

वाटेत गाईच गाई. दुधाच्या टँकरमागे टँकर. पश्चिमेला, राहोटूच्या आसपास, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत विचित्र टेकड्या दिसायला लागल्या. घराएवढ्या, दोन घरांएवढ्या, हिरवं गवत पांघरलेल्या. मुंग्यांची वारुळं असावीत तशा शेकड्यांनी. मी गाडी थांबवायला लावली. मोजणीवाल्याला असली जमीन दिसली की पोटात गोळा येतो. त्या टेकड्या म्हणजे डोंगराचे तुकडे. हा ज्वालामुखी आहे, झोपलेला. तो वाढतो, उंच होतो, भार सोसत नाही, मग त्याची एक बाजू कोसळते आणि दगडांचा लोंढा समुद्रापर्यंत धावतो. मग तो पुन्हा वाढायला लागतो. असं कितीतरी वेळा झालंय. आज दिसतो तो रेखीव सुळका फार जुना नाही. इतिहास पाठ असलेल्या शिक्षकाच्या नव्या सदऱ्यासारखा तो वरवर कोरा आहे.

जावयांनी मला मुद्दाम डिवचलं, "बाबा, सोलापुरात असलं काही नाही, नाही का?" मी म्हणालो, आहे. जुळे सोलापुरात बोअर मारलं की मुरूम लागतो, मग काळा दगड, मग आणखी काळा दगड. तोही लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा पिठल्यासारखा पसरत गेला. थरावर थर, पण थर सगळे आडवे. इथला लाव्हा घट्ट, तोंडाशीच थिजला, ढिगावर ढीग चढला. एकच अग्नी, आमच्याकडे आडवा पडला आणि इथे उभा राहिला. हे बोलताना मला स्वतःलाच बरं वाटलं. चिमणी पडल्यापासून मनात कुठेतरी सपाटपणाची लाज बसली होती.

माओरी लोक या डोंगराची गोष्ट वेगळी सांगतात. तारानाकी मूळचा इथला नव्हे. बेटाच्या मध्यावर टोंगारिरो वगैरे डोंगर आहेत, त्यांच्यात हाही होता. पिहांगा नावाची एक देखणी टेकडी होती, तिच्यावरून याचं आणि टोंगारिरोचं भांडण झालं. आग, दगड, धूर. हा हरला. रात्रीत पश्चिमेकडे निघाला. त्याचा देह ओढत गेला तिथे खोल चर पडला, तीच व्हांगानुई नदी. एक वाटाड्या दगड पुढे होता. किनाऱ्याजवळ पोउआकाई नावाच्या डोंगररांगेनं त्याला थोपवलं, पहाट झाली आणि तो होता तिथे राहिला. ढगात तोंड लपवतो तेव्हा तो पिहांगासाठी रडतो. तो पुन्हा परत निघेल म्हणून त्या दोन डोंगरांच्या मधल्या वाटेवर जुनी माणसं वस्ती करायला धजत नसत.

हिला ही गोष्ट फार आवडली. म्हणाली, "आपला मैनाक नाही का, इंद्रानं पंख छाटू नयेत म्हणून समुद्राकडे पळालेला." आणि गंमत अशी की भूशास्त्रज्ञही डोंगर चालला असंच म्हणतात. किनाऱ्यावर न्यू प्लिमथला खडकाचे सुळके आहेत ते सर्वांत जुने, साडेसतरा लाख वर्षांचे. मग काइताके, मग पोउआकाई, मग तारानाकी. आग दर वेळी थोडी आग्नेयेला सरकत आली. म्हणजे तो खरंच चालतोय, फक्त उलट्या दिशेनं. पिहांगाकडे.

पुंगारेहू गावाशी जावयांनी गाडी हळू केली. आत वळणारा रस्ता पारिहाकाला जातो. दर महिन्याच्या १८ आणि १९ तारखेला तिथे लोक जमतात. त्या दिवशी ती तारीख नव्हती, म्हणून आम्ही आत गेलो नाही, वळणावरच उतरून उभे राहिलो. उजव्या हाताला डोंगर अगदी जवळ, दुपारच्या उन्हात बर्फ चमकणारा. माझे डोळे विस्फारले होते ते या गावाच्या गोष्टीनं. ती मोजणीची गोष्ट आहे.

१८६० साली इथून थोड्या अंतरावर, वाइतारा नदीच्या मुखाशी, सहाशे एकरांच्या एका तुकड्याचा व्यवहार झाला. एका हिस्सेदारानं विकायला होकार दिला, टोळीच्या प्रमुखानं नाही म्हटलं. जमीन सामाईक. अशा प्रकरणात काय करायचं हे आमच्याकडचा शिकाऊ मोजणीदारही सांगेल. सरकारनं मोजणीदार पाठवले. फेब्रुवारीत ते आले तेव्हा बायका पुढे झाल्या आणि त्यांनी काम बंद पाडलं. मार्चमध्ये तोफा आल्या. युद्ध झालं, पुन्हा झालं, आणि १८६५ मध्ये सरकारनं बंडखोरीची शिक्षा म्हणून तारानाकीतली बारा लाख एकर जमीन जप्त केली. डोंगर त्यातच गेला.

मला माझीच एक गोष्ट आठवली. नोकरीची पहिली वर्षं, एक गाव. नाव सांगत नाही. एक म्हातारी आमच्या साखळीवर बसली. दोन्ही पोरं भांडून कोर्टात गेलेली, मोजणीचा आदेश आलेला. मी म्हणालो, आजी, उठा. ती म्हणाली, "मोज की. माझ्यावरनं मोज." मी तासभर उभा राहिलो आणि मग पोलिसांना बोलावलं. तिला उचलून बाजूला ठेवलं. मोजणी अचूक झाली. ते माप आजही रेकॉर्डला आहे.

पारिहाकाच्या लोकांनी पुढे काय केलं ते ऐका. ते व्हिती आणि तोहू नावाचे दोन पुढारी. शस्त्र उचलायचं नाही हा त्यांचा नियम, खूण म्हणून पांढरी पिसं. १८७९ मध्ये सरकारी मोजणीदार जप्त जमिनीवर तंबू ठोकून बसले तेव्हा पारिहाकाच्या माणसांनी त्यांचं सामान नीट गाड्यांत भरलं आणि नदीपलीकडे नेऊन ठेवलं. कोणाला चापटही मारली नाही. मग गोऱ्यांच्या कुरणांत नांगर घातले. नांगरणाऱ्याला पकडलं की दुसरा नांगर धरायचा. शेकडो जण विनाचौकशी तुरुंगात गेले. ५ नोव्हेंबर १८८१ ला सुमारे सोळाशे सशस्त्र माणसं तोफ घेऊन गावावर चालून आली. वाटेवर पोरं गाणी म्हणत बसलेली. बायका शिपायांना भाकरी, म्हणजे ब्रेड, देत होत्या. दोन हजारांवर लोक गावच्या पटांगणात गप्प बसलेले. पुढाऱ्यांना धरून नेलं, घरं पाडली, पिकं तुडवली.

त्याच वर्षी, १८८१ मध्ये, त्याच डोंगराभोवती ते सुरेख वर्तुळ काढलं गेलं होतं.

मी वळणावर उभा होतो आणि मला आमचा चार पुतळ्यांचा चौक दिसत होता. मे १९३० मध्ये सोलापुरातून इंग्रजांचा अंमल काही दिवस उठला, मग मार्शल लॉ आला, गांधीटोपी घालणं हाच गुन्हा ठरला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. पांढरं पीस आणि पांढरी टोपी. सत्याग्रह हा शब्द जन्माला यायच्या पंचवीस वर्षं आधी या आडबाजूच्या गावानं तो करून दाखवला होता, आणि शाळेपासून निवृत्तीपर्यंत माझ्या कानावर त्याचं नाव आलं नव्हतं.

२०१७ मध्ये सरकारनं पारिहाकात येऊन माफी मागितली. डोंगराच्या करारातही जप्तीबद्दल माफी आहे. फेरफाराची वही किती जाड झाली असेल पाहा: १८६५ जप्ती, १८८१ राखीव वन, १९०० उद्यान, १९७८ मध्ये एका कायद्यानं डोंगर माओरी मंडळाला परत केला आणि त्याच कायद्यानं, त्याच क्षणी, त्यांच्याकडून राष्ट्राला बक्षीस म्हणून परत घेतला, आणि २०२५, मालक स्वतः. १९७८ ची नोंद वाचून मी संग्रहालयात मोठ्यानं हसलो होतो. असले दस्त आमच्याकडे दलाल करतात, इथे संसदेनं केला.

गाडीत बसताना नातवाला म्हणालो, "त्या पुस्तकातल्या पाच फौजांना हे सुचलं नाही." तो म्हणाला, "त्यांच्याकडे शाळा नव्हती."

आमच्याकडेही असा एक प्रयत्न झाला होता. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं, त्याच महिन्यात न्यूझीलंडनं व्हांगानुई नदीला. जुलैत सर्वोच्च न्यायालयानं आपल्याकडचा निकाल थांबवला. पुरात घर गेलं तर नदीवर दावा लावायचा का, हा सरकारचा प्रश्न होता. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. माझ्यासारख्यानं तर पहिला तोच विचारला असता.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही वर गेलो, उत्तरेच्या बाजूनं गाडी जाते तिथपर्यंत. वर्तुळाची रेघ ओलांडली ते कळलं. एका क्षणी कुरण, तार, गाई. पुढच्या क्षणी अंधार. झाडं वाकडीतिकडी, एकमेकांत अडकलेली, बुंधे-फांद्या सगळं शेवाळात बुडालेलं. शेवाळ लोंबतंय, टपकतंय. तिथले लोकही याला भुताबुटक्यांचं रान म्हणतात. मी एका बुंध्यावर तळहात दाबला तर मनगटापर्यंत ओलं झालं. हिनं ओंजळ धरली आणि झाडातून पाणी घेतलं. मे महिन्यात चार दिवसांआड येणाऱ्या नळाखाली घागरी लावलेली बाई ती. काही बोलली नाही.

शिखराकडे जाणारी वाट तिथून सुटते. दिसायला सोपी, आणि म्हणूनच वाईट: १८९१ पासून ऐंशीहून जास्त माणसं या डोंगरावर गेली आहेत. जावई एकदा उन्हाळ्यात वर जाऊन आले. अगदी माथ्यावर उभं राहू नका अशी माओरींची विनंती असते, ते त्याच्या मस्तकावर पाय ठेवणं होतं. ते दोन-चार पावलं खाली थांबले. "फोटोत काही फरक पडत नाही," ते म्हणाले. मी विचारलं, वर हद्दीचा दगड आहे का. ते माझ्याकडे पाहत राहिले.

परत येऊन चार महिने झाले. शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गच्चीवर जातो आणि नातवाला फोन लावतो. तिथे तेव्हा दुपार असते. तो फोन घेऊन मागच्या अंगणात पळतो आणि कॅमेरा वळवतो. बहुतेक वेळा पडद्यावर राखाडी भिंत.

"दिसतोय का आजोबा?"

"नाही रे."

"आहे पण तिथेच," तो म्हणतो. मग विचारतो, "तुमच्याकडचं दाखवा." मी फोन होटगी रस्त्याकडे धरतो. टाक्या, टाक्या, त्यांच्यामागे ऊन. काल एक छोटं विमान उतरताना दिसलं, चिमणी होती बरोबर तिथून.